पिकअप खंबाटकीत तापतीय – रेडिएटर कंपनीचा घेऊ का बाहेरचा ॲल्युमिनियमचा?

सावळजचा_पिकअपवाला

नमस्कार मंडळी, जरा लांबड लागणार आहे, सांभाळून घ्या. माझी २०१८ ची पिकअप आहे, बीएस ४ (जुन्या धूर-नियमाची), १ लाख ८० हजार किलोमीटर झालेत, मालक पण मीच आणि ड्रायव्हर पण मीच. जानेवारीपासनं एप्रिलपर्यंत द्राक्षाच्या पेट्या घेऊन वाशी मार्केट, बाकी वर्षभर जे भाडं मिळंल ते.

वाशीला जाताना काय त्रास नाही कारण त्या बाजूला बोगदा आहे, पण येताना पुण्यातनं रिटर्न भाडं भरलं की सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याकडनं खंबाटकी घाट चढायला लागतो आणि तिथं तापमानाचा काटा वर सरकायला लागतो. मोकळी असली तर काय नाही. दीड टन माल असला की अर्ध्या घाटात काटा तांबड्याला टेकायला बघतो, मग बाजूला घ्यायची, बोनेट उघडायचं आणि पंधरा मिनिटं मागनं येणाऱ्या ट्रेलरचे हॉर्न ऐकत बसायचं. एकदा घाट संपून वेळ्याला उतरलो की ८० नं पळवली तरी पाच मिनिटात काटा परत मधोमध, जणू काय झालंच नाही.

आमचा मिस्त्री म्हणतोय रेडिएटर गेला, बदल. आता डोक्याला ताप असा की कंपनीचा घ्यायचा तर तो महाग, आणि त्याच्या दोन्ही टाक्या प्लास्टिकच्या. सांगलीत एका दुकानात पूर्ण ॲल्युमिनियमचा दाखवला, जाडीला कंपनीच्या दीडपट, वेल्डिंग केलेला, किंमत जवळपास निम्मी. तिसरा एकजण म्हणतोय पितळी टाकीचा, तांब्याच्या जाळीचा बनवून देतो, जन्मभर झाळून वापरा.

व्हॉल्व (थर्मोस्टॅट, इंजिन गरम झालं की पाणी रेडिएटरकडं सोडतो तो) दोन वर्षापूर्वीच काढून टाकलाय त्यामुळं तो विषयच नाही. इंजिन बाकी ठणठणीत आहे, उलट पूर्वीपेक्षा गप झालंय, पूर्वी घाटात पंखा विमानागत घोंघावायचा तो आवाज पण आता येत नाही. पाणी थोडं कमी होतं, आठवड्याला अर्धा-पाऊण लिटर टाकतो. तर ज्यांनी बाहेरचे वापरलेत त्यांनी सांगा, कुठला घेऊ? पुढच्या आठवड्यात तोडणी आहे आणि माझ्याकडं वेळ नाही.

विट्याचा_वाघ

डोळे झाकून बाहेरचा टाक लका. माझ्या गाडीला दोन वर्षं झाली बसवून, काटा हलत नाय. प्लास्टिकची टाकी ही काय टाकी असती व्हय, कंपनीवाले फक्त पैसं काढायचं बघत्यात.

कराड_ते_चिपळूण

वाघ भाऊ तुमचं चांगलं निघालं म्हणून सगळ्यांचं निघंल असं नसतं. मी पण असाच जाड ॲल्युमिनियमचा बसवला होता (ब्रँडचं नाव घेत नाही, उगं वाद नको). पहिलं तर तो बसेचना, खालचे दोन कान अर्धा इंच बाजूला, मिस्त्रीनं भोकं वाढवली आणि पट्टी मारून बसवला. कंपनीच्या रेडिएटरला खाली रबराचे बुश असतात, तो थोडा डुलतो, याला ती सोयच नव्हती, सरळ पत्र्याला आवळलेला. कुंभार्लीचे खड्डे तुम्हाला माहीत आहेत, सातव्या महिन्यात टाकीच्या वेल्डिंगला केसाएवढी चीर गेली. आणि ॲल्युमिनियम झाळून देणारा रात्री दहाला हेळवाकात कुठं मिळणार, टोईंग करून पाटणला आणली.

प्लास्टिक टाकीला नावं ठेवण्याआधी हे बघा की ती साधी प्लास्टिक नसते, काचेचे तंतू घातलेलं नायलॉन असतं, आणि काठ दुमडून मध्ये रबर घालून बसवलेली असते. पाच-सात वर्षं आरामात जाते, नंतर उन्हानं आणि उष्णतेनं ठिसूळ होते आणि त्या दुमडलेल्या काठाजवळ गळायला लागते. बदलायला लागते हे खरं, पण गळायला लागली तर आधी डाग दिसतो, एकदम धोका देत नाही. निदान माझा अनुभव तरी हाच.

मिरजेचा_फिटर

सावळजकर, तुमचं सगळं वाचलं आणि मला रेडिएटरचा प्रश्न दिसतच नाही. म्हणजे असेल पण पहिल्या नंबरला नाही.

साधं गणित बघा. सपाटीला ८० नं पळताना पुढनं फुकटचं वारं येतं, पंखा नसला तरी चालतं. रेडिएटरच्या नळ्या आतनं बुजल्या असत्या तर गाडी तिथंच तापली असती, कारण पाणीच फिरलं नसतं. तुमची तापते दुसऱ्या गिअरला, २० च्या स्पीडला, माल भरून. तिथं इंजिन जीव तोडून काम करतंय आणि वारं आणून द्यायची सगळी जबाबदारी पंख्यावर. म्हणजे तुमचा घोळ वाऱ्यात आहे, पाण्यात नाही. हा नियम सोन्याचा नाही, पण दहातल्या आठ गाड्यांना लागू पडतो.

आणि उत्तर तुम्ही स्वतःच लिहून ठेवलंय! पंख्याचा आवाज गेला म्हणून तुम्ही खूश झालात, अहो तोच तर रोग आहे. या पंख्याच्या मध्ये क्लच असतो, त्यात सिलिकॉनचं घट्ट तेल, आणि तोंडाला एक गुंडाळलेली पट्टी असते दोन धातूंची. रेडिएटरमधनं गरम हवा आली की ती पट्टी फिरते, तेलाची वाट उघडते आणि पंखा इंजिनबरोबर धरला जातो, तेव्हा तो घोंघावतो. घाटात आवाज यायलाच पाहिजे. येत नाही म्हणजे तेल गळून गेलंय किंवा पट्टी मेली आहे, पंखा नुसता भोवऱ्यागत फिरतोय.

तपासायचं कसं, तर गाडी चांगली गरम करा, बंद करा, चावी खिशात टाका (हे विसरू नका, बोटं प्यारी असतील तर) आणि पंखा हातानं झटक्यात फिरवा. हाताला जड लागून लगेच थांबला तर ठीक. दोन-तीन गिरक्या घेऊन मजेत फिरत राहिला तर क्लच गेला. क्लचच्या तोंडावर तेलकट धूळ बसली असंल तर तपासायची पण गरज नाही.

दुसरं, पंख्याभोवतीचं गोल कव्हर आहे का बघा. कितीतरी गाड्यांचं रेडिएटर काढताना अर्धं कव्हर मोडतं आणि मिस्त्री ते कोपऱ्यात फेकून देतो. कव्हर नसलं की पंखा रेडिएटरमधनं वारं ओढत नाही, बाजूचंच गरम वारं घुसळत बसतो.

तिसरं, रेडिएटर आणि त्याच्या पुढचा एसीचा कंडेन्सर किंवा इंटरकूलर (या पण गार करायच्या जाळ्याच) यांच्या मधली फट बॅटरीनं बघा. बाहेरनं जाळी लख्ख दिसते आणि मध्ये उसाचं पाचट, मळणीचं भुसकट, पाकोळ्या असं गोधडीगत थर बसलेला असतो. धुताना आतनं बाहेर, म्हणजे पंख्याच्या बाजूनं पुढं, आणि साध्या पाइपनं. सर्व्हिसिंगवाल्याच्या प्रेशरनं मारलं की पात्या झोपतात आणि मग खरंच रेडिएटर बदलायला लागतो.

जाड रेडिएटरबद्दल पण एक सांगतो. जाडी वाढली की त्यातनं वारं जायला पण तेवढीच अडचण. पंखा आधीच मेलेला आणि पुढं दीडपट जाड भिंत, म्हणजे घाटात आणखी वाईट व्हायची शक्यता. वाघ भाऊंचा पंखा बहुतेक चांगला आहे म्हणून त्यांना जमलं. तांब्याचं म्हणाल तर तांबं उष्णता जास्त वाहतं हे खरं, पण ॲल्युमिनियमच्या नळ्या रुंद आणि चपट्या करता येतात म्हणून शेवटी फार फरक पडत नाही, वजन मात्र निम्म्यावर येतं. तांब्याची एकच मजा, कुठल्याही गावात झाळून मिळतं.

विट्याचा_वाघ

च्यायला, फिटरसाहेब म्हणत्यात त्यात दम हाय. माझा पंखा घोंघावतोय खरा. पण मी माझा ॲल्युमिनियम काढणार नाय 😄

पसरणीघाट

वाईचा आहे, रोज पसरणी चढून पाचगणी-महाबळेश्वरला हॉटेलचा माल टाकतो, त्यामुळं घाटात तापणे या विषयात माझी पीएचडी आहे म्हटलं तरी चालेल.

टोपणाकडं कोणीच बघत नाही बघा. रेडिएटरचं टोपण म्हणजे नुसतं झाकण नाही, ते दाब धरून ठेवतं. साधं पाणी १०० अंशाला उकळतं पण वर १ बार दाब असला तर तेच १२० ला उकळतं. टोपणाची स्प्रिंग ढिली झाली की तो सगळा फायदा गेला. त्यात आमच्या महाबळेश्वरला १३५० मीटर उंचीवर उघडं पाणी ९५-९६ लाच उकळतं, म्हणजे ढिलं टोपण घेऊन वर येणाऱ्याची गंमत बघायला आम्हाला रोज मिळते. टोपणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, गाडीला जो आहे तोच घ्यायचा, जास्त दाबाचा लावला तर जुने पाइप फाडतो. आणि हे कंपनीचंच घ्या, एवढ्याशा वस्तूत वाचवून काय मिळणार.

चढताना तिसऱ्यात रेटत नेऊ नका. दुसरा टाका आणि थोडं आरपीएम राहू द्या, पंखा आणि वॉटर पंप दोन्ही इंजिनवरच फिरतात, इंजिन गुदमरलं की ते पण गुदमरतात. आपल्यातले लोक डिझेल वाचवायला तिसऱ्यात ओढतात आणि नंतर हेड (इंजिनचा वरचा भाग) घालवतात. एसी असला तर बंद, हीटर असला तर फुल चालू, घाम येतो पण तेवढीच उष्णता बाहेर.

आणि गरम असताना टोपण उघडू नका. माझ्या उजव्या हातावर कोपरापर्यंत अजून डाग आहे, बुवासाहेबाच्या वळणावरचा, ११ वर्षं झाली. बाजूला घेतली की लगेच बंद पण करू नका, काटा अगदी तांबड्यात नसंल आणि पाणी असंल तर दोन-तीन मिनिटं चालू राहू द्या, पाणी फिरू दे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणाऱ्यांबद्दल मी काय बोलत नाही, हेडला तडा गेला की ते स्वतःच बोलतात.

सावळजचा_पिकअपवाला

फिटरसाहेब पाय कुठायत तुमचे. आत्ता गोठ्यापुढं गाडी लावून बॅटरी घेऊन बघितलं. पंखा हातानं फिरवला, चार गिरक्या मारल्या, मीच मोजल्या. क्लचच्या तोंडावर काळा चिकट राडा. कव्हर आहे पण खालचा अर्धा गायब, दोन बोल्ट पण नाहीत. आणि मधल्या फटीत काय म्हणाल, बोटानं ओढलं तर पाचटाची वातच निघाली वीतभर, मागच्या दिवाळीत गुऱ्हाळाचं भाडं मारलं होतं त्यातली असणार. बायको म्हणते त्यात चिमणीनं घर केलं नाही एवढंच.

वर पुढच्या जाळीवर मी स्टीलची नावाची पाटी आणि दोन एलईडी लावलेत, त्याचा पण काय फरक पडतो का?

आता प्रश्न बदलला. फॅन क्लच, व्हॉल्व, टोपण हे कंपनीचं घ्यायचं का बाहेरचं?

मिरजेचा_फिटर

पाटी काढा. आईवडिलांचं नाव मागच्या फाळक्यावर लिहा, पुण्य तेवढंच मिळतं.

व्हॉल्व परत बसवाच. काढल्यानं गाडी गार राहते हा आपल्याकडचा जुना समज. बऱ्याच इंजिनात व्हॉल्वच्या खालच्या बाजूला एक चकती असते, व्हॉल्व उघडला की ती बायपासची (पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनात जायची) वाट बंद करते म्हणून सगळं पाणी रेडिएटरकडं जातं. व्हॉल्वच काढला तर बायपास कायम उघडा, म्हणजे घाटात थोडं पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरतंय. आणि थंडीत उलटं, इंजिन गरमच होत नाही, डिझेल जास्त खातं, ऑइल घट्ट राहून झीज जास्त. बीएस ६ (नव्या धूर-नियमाच्या गाड्या) वाल्यांनी तर हा प्रकार अजिबात करू नये, इंजिन ठरलेल्या तापमानाला आलं नाही की पी ०१२८ चा कोड पडून चेकचा दिवा लागतो आणि सायलेन्सरमधला फिल्टर स्वतःला साफ करताना गोंधळ घालतो.

स्पेअरपार्ट_काउंटर

मी सांगलीत काउंटरला बसतो, दुकानाचं नाव सांगणार नाही नाहीतर जाहिरात म्हणाल. कंपनीचं आणि बाहेरचं असे दोनच प्रकार लोक धरतात, तिथंच चुकतं. खरं तर तीन-चार प्रकार आहेत. गाडी बनवणारी कंपनी रेडिएटर, क्लच, व्हॉल्व स्वतः फारसं बनवत नाही, दुसऱ्याकडनं घेते. तोच बनवणारा तीच वस्तू स्वतःच्या खोक्यात बाजारात विकतो, त्याला आम्ही ओईएम म्हणतो, वस्तू तीच, किंमत कमी. त्याच्याखाली चांगला बाहेरचा, त्याच्याखाली लोकल, आणि सगळ्यात खाली कंपनीच्या खोक्यातला डुप्लिकेट, जो गिऱ्हाईक ओरिजिनल समजून छातीठोक सांगत घेऊन जातं.

माझं स्वतःचं मत, ज्या वस्तूला अक्कल असते ती ओरिजिनल किंवा ओईएम घ्या. व्हॉल्वला अक्कल आहे, आत मेण असतं, ते ठरलेल्या तापमानालाच वितळून उघडायचं असतं. फॅन क्लचला अक्कल आहे, टोपणाला आहे. लोकल व्हॉल्व एकाच खोक्यातले चार काढून गरम पाण्यात टाकले तर चार वेगवेगळ्या वेळेला उघडतात, मी करून बघितलंय. वॉटर पंपाचं पण तसंच, आतलं सील स्वस्तातलं असलं की महिन्यात खालच्या भोकातनं थेंब पडायला लागतात. क्लिपा, पट्टा, बाकी फुटकळ सामान चांगल्या बाहेरच्या मेकचं चालतं. पाइपांत खालच्या पाइपाकडं लक्ष द्या, पंप तिथनं पाणी ओढतो, काही गाड्यांच्या त्या पाइपात आत स्प्रिंग असते म्हणजे तो चपटा होत नाही. लोकलमध्ये ती स्प्रिंग गायब असते, गाडी उभी असताना पाइप छान दिसतो आणि आरपीएमला चिकटतो.

डुप्लिकेट ओळखायचं तर होलोग्रामवर जाऊ नका, तो पण छापून मिळतो. जुना पार्ट बरोबर आणा आणि दोन्ही वजनकाट्यावर ठेवा, हलका निघाला की समजा. आणि पक्कं बिल मागा, बिल देताना दुकानदाराचा चेहरा बघा, निम्मं तिथंच कळतं.

कराड_ते_चिपळूण

आठवड्याला पाऊण लिटर पाणी जातंय ते कुठं जातंय ते पण बघा हं, ते विसरलात सगळे. सकाळी गार इंजिनला वरचा पाइप दाबून बघा, रात्रभर उभ्या गाडीचा पाइप पण टणक लागत असंल किंवा चालू केल्या केल्या टाकीत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) गेल्याची शंका. मिस्त्रीकडं एक निळं पाणी असतं, टाकीच्या तोंडावर धरतात, इंजिनातला धूर पाण्यात येत असंल तर ते हिरवट-पिवळं पडतं. इतक्या वेळा तापवलीय म्हणून सांगतोय, भीती घालायला नाही.

आणि टाकताय ते पाणी कुठलं?

सावळजचा_पिकअपवाला

बोअरचं 🙈

मिरजेचा_फिटर

बोअरचं पाणी आणि तेही आपल्या तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यातलं. घरच्या तांब्याच्या बंबात काय थर बसतो ते बघा आणि तेच तुमच्या इंजिनात बसतंय असं समजा. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा, निम्मं कूलंट निम्मं ते. आधीचं सगळं काढून दोन वेळा धुऊन मग भरा. रंगावर जाऊ नका, हिरवं-तांबडं-निळं हा काय ठरलेला नियम नाही, वेगळ्या जातीची दोन कूलंट मिसळली तर आत आंबलेल्या पिठल्यागत होतं. गाडीच्या पुस्तकात जी जात लिहिलीय ती.

सगळं झालं की लेझरवाल्या थर्मामीटरनं गरम रेडिएटरची जाळी फिरवून बघा, एखादा पट्टा बाकीच्यापेक्षा गार लागला तर तिथल्या नळ्या बुजलेल्या. तसं निघालं तर मग रेडिएटरचं बोलू.

सावळजचा_पिकअपवाला (९ दिवसांनी)

उशीर झाला, तोडणी चालू होती. क्लच ओईएमचा घेतला, कंपनीचं टोपण, कव्हर मिरजेत भंगारात मिळालं, एक कान तुटलेला पण बसला. पाणी कुठं जात होतं ते पण सापडलं, वरच्या पाइपाच्या क्लिपेतनं, गरम झालं की चार थेंब बाहेर आणि लगेच वाळून जायचे. निळ्या पाण्याची टेस्ट केली, निळंच राहिलं, जीव भांड्यात पडला.

व्हॉल्वची गंमत सांगायची राहिली. जुना व्हॉल्व टूलबॉक्समध्येच सापडला, पेपरात गुंडाळलेला. म्हटलं नवा कशाला, बघू तरी. चहाच्या पातेल्यात दोऱ्याला बांधून सोडला, त्यावर ८२ छापलंय, म्हणजे पाणी उकळायच्या आधीच उघडायला पाहिजे. पाणी खळाखळा उकळलं, पाच मिनिटं उकळलं, पठ्ठ्या हूं नाही की चूं नाही. नवा आणला, तो पण टाकून बघितला, बुडबुडे नीट यायच्या आधीच हळूहळू तोंड उघडलं, पोरं बघायला जमली होती. त्या पातेल्यात आता घरात कोण चहा पीत नाही, नवीन पातेल्याचे पैसे वेगळे गेले.

काल रात्री पुण्यातनं पशुखाद्य भरून आलो, दीड टनाला थोडं जास्तच. घाटात तिसऱ्या वळणाला पंखा असा ओरडायला लागला की शेजारी बसलेल्या पोरानं विचारलं दादा काय झालं. काटा मधल्या रेघेच्या दोन केस वर गेला आणि तिथंच थांबला. रात्रीचं आहे, दुपारी एकला चढवून बघितल्याशिवाय मी काय म्हणणार नाही. जाळीला लेझर मारून घेतला, डाव्या बाजूला खाली वीतभर पट्टा गार लागतोय, फिटर म्हणाले सीझन काढा, पावसाळ्यात बघू.

विट्याचा_वाघ

त्या सांगलीच्या दुकानात ॲडव्हान्स दिलावता का?

सावळजचा_पिकअपवाला

५०० दिलेवते. परत देईना, मग त्यात कूलंटचा डबा आणि क्लिपा घेतल्या.